गावंडे फोरमन आणि फायबरचा आर्म

उत्तमराव गावंडे कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. ऑफिसच्या दाराची कडी, नळ, मोटारसायकलचं हँडल, बाहेरच्या लोखंडी बाकाची पाठ, सगळ्याला आधी बोटांची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मग सरळ हातानं धरायचं. लाइनवरच्या माणसांची ही जुनी सवय. करंट लागला की मूठ आपोआप मिटते. तळवा टेकवलेला असेल तर ती त्या वस्तूवरच मिटते आणि मग काही केल्या सुटत नाही. उलटा हात लावला असेल तर झटका बसून हात मागे येतो आणि माणूस वाचतो. बाकीचे लाइनमन ही सवय खांबापुरती ठेवतात, गावंडे घरीही ठेवत. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, "मॅडम, लग्न झालं तवा माह्या गालालेबी पयले उलटाच हात लावला होता यायनं." सांगताना ती हसत होती. तेवढ्यात गावंडे आतून बाहेर आले आणि ती चहाचे कप उचलून आत गेली.

ही सवय मुद्दाम आधी सांगितली. पुढे आमच्या सेक्शनमधल्या भीमा आत्रामचे दोन्ही हात गेले, आणि ते का गेले हे कळायला ती माहीत असावी लागते. गावंड्यांबद्दल लिहायचं आणि भीमाला वगळायचं, हे मला जमणार नाही. चूक कोणाची, एवढाच प्रश्न होता. उत्तर आमच्या सेक्शनमधल्या तिघांना ठाऊक होतं: गावंड्यांना, भीमाला आणि मला. कागदावर नाव एकाचंच आलं.

मी यवतमाळची. वडील कोर्टात नाझर, काका ट्रेझरीत, मामा शाळेत मुख्याध्यापक. आमच्या घरात फ्यूज उडाला तरी माणसं हातात मेणबत्ती घेऊन मिस्त्रीची वाट बघत बसायची. त्या घरातली मुलगी इंजिनिअर होऊन वीज कंपनीत लागली आणि पहिलं पोस्टिंग झरी जामणीच्या बाजूला मिळालं, तेव्हा आईनं आठ दिवस जेवणात मीठ बरोबर घातलं नाही. सेक्शन म्हणजे दोन खोल्या, एक आवार, तारांची लाकडी रिळं आणि पंधरा माणसं. ऑफिसर मी. पण पंधरा माणसं ऐकायची गावंड्यांचं. कागदोपत्री त्यांचं पद काहीतरी वेगळं होतं, सगळे त्यांना फोरमन म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आवारात बोलावलं. हातात मेगर होता. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, बाजूची मूठ गरागरा फिरवली की त्यातून पाचशे व्होल्ट निघतात. माणूस मरत नाही, पण खांद्यापर्यंत सणक जाते. "मॅडम, हे दोन वायर जरा धरा, मी मीटर पाह्यतो," ते म्हणाले. मी धरले. त्यांनी मूठ फिरवली. मी किंचाळून मागे पडले ती तारेच्या रिळावर. पंधराच्या पंधरा माणसं खो खो हसली. गावंडे मात्र हसले नाहीत. त्यांनी मला उठायला हात दिला आणि म्हणाले, "आता कोनं वायर देल्ला का पयले इचारसान, कुटं जोडला हाये म्हनून. कालेजात चार वर्सं गेले, पन हे नाई शिकवलं ना?"

मी चिडले, रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून कुठल्याही वायरकडे विचारल्याशिवाय बघेनाशी झाले. त्यांच्या क्रूरपणाची हीच तर अडचण होती. तो उपयोगी पडायचा, आणि उपयोगी पडतो म्हणून त्याला क्रूरपणा म्हणायला जीभ वळत नसे.

त्यांची आणखी एक खोड होती. जीपमधून जाताना ते खांब दाखवत. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत कोण कुठल्या खांबावर मेलं हे त्यांना पाठ होतं. "हा विठ्ठलचा. परमिट न घेता चढला." "तो बाबारावचा. दारू पिऊन होता, भैताड." "हा आमच्या साडभावाचा. हुशार होता, पन घाई लय." साडू मेल्याचं सांगतानाही आवाज तोच. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, ही रीत त्यांना पटत नसे. त्यांचं म्हणणं, वीज कोणाची मावशी लागत नाही. जो मेला तो चुकला, आणि चुकला त्याचं कौतुक करत बसलं तर मागचाही मरतो. मी एकदा विचारलं, "आणि चूक दुसऱ्याची असली तर?" ते म्हणाले, "दुसऱ्याची चूक आपल्या आंगावर येऊ देल्ली, हे आपली चूक."

भीमा आत्राम वरच्या पोडावरचा, म्हणजे जंगलातल्या कोलामांच्या वस्तीवरचा. आमच्याकडे तो आठ वर्षं कंत्राटी लाइनमन होता आणि कायम होण्याच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. बुटका, रुंद, आणि खांबावर चढायचा तो शिडी न लावता. गावंडे त्याच्यावर खूश होते, आणि खूश असले की ते जास्त छळायचे. खांबाच्या डोक्यावर जी आडवी पट्टी असते, जिच्यावर चिनीमातीचे इन्सुलेटर आणि त्यांवर तारा बसतात, तिला क्रॉस आर्म म्हणतात. लाइनवरची माणसं नुसतंच आर्म म्हणतात. तेव्हा आमचे सगळे आर्म लोखंडी होते. जंगलात गाडी जात नाही तिथं ते खांद्यावर वाहून न्यावे लागत. भीमा खांद्यावर आर्म घेऊन पुढे चालायचा आणि गावंडे छत्री धरून मागे. भीमा दम खायला थांबला की मागून आवाज यायचा, "काहून रे, बाळंतीन झाला का?" भीमा हसायचा आणि पुन्हा चालायला लागायचा. एकदा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बांधावर त्याचा पाय घसरला आणि आर्म मानेवर आदळला. गावंड्यांनी आधी आर्म वाकला का ते पाहिलं.

आर्म लोखंडी असल्याचे दुसरेही ताप होते. पावसाळे चार झाले की गंजायचे. त्यावर बसलेला मोर, घुबड, एखादं वानर तारेला चिकटून मरायचं आणि फीडर, म्हणजे त्या भागाची सगळी लाइन, बंद पडायची. शिवाय भंगारासाठी चोरी. एकदा सकाळी मुख्य रस्त्याजवळच्या एका बंद लाइनवर चढून एक माणूस आर्मचे नटबोल्ट खोलत होता. गावंडे तिथूनच चालले होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शांतपणे त्याची शिडी काढली, जीपच्या टपावर बांधली आणि वर बघून म्हणाले, "तुले आर्म पाह्यजे होता ना? बस आता त्याच्यावर." दुपारी तीनपर्यंत तो माणूस खांबाच्या टोकाला उन्हात बसून होता. खाली गर्दी जमली, कोणी पाणी वर फेकलं ते त्याला झेलता आलं नाही. शेवटी त्यानं वरूनच हात जोडले आणि जोडताना तोल गेला म्हणून पुन्हा खांब धरला. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. हे लिहायला मला लाज वाटते, पण हसले होते.

मग फायबरचे आर्म आले.

आमचं सेक्शन जंगलातलं म्हणून वापरून पाहायला आम्हालाच दिले होते. लांब राखाडी खोकी, आणि सोबत ते बनवणाऱ्या कारखान्याचा एक टाय लावलेला पोरगा. तो आवारात उभा राहून गुण सांगू लागला. वजनाला लोखंडाच्या मानानं कितीतरी हलका. गंजत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही. भंगारात कोणी घेत नाही, म्हणून चोरी नाही. वीज वाहून नेत नाही, म्हणून पाखरं मरणार नाहीत, फीडर वारंवार पडणार नाही. गावंडे रिळावर बसून सुपारी कातरत होते. "पडद्याचा पाइप दिसून राह्यला मले तर," ते म्हणाले. लोक हसले. पोरगा बिचारा घाम पुसत म्हणाला, "काका, उचलून तर बघा."

गावंडे उठले. उलटा हात लावला, मग आर्म धरला आणि उचलला. एका हातानं. तो त्यांनी डोक्याच्या वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मग सगळ्यांसमोर शर्टाची दोन बटणं काढून उजवा खांदा उघडा केला. खांद्यावर लिंबाएवढं टेंगूळ होतं, काळं, कातडी जाड झालेलं. "तीस वर्सं," ते म्हणाले. "तीस वर्सं गाढवावानी लोखंड वाह्यलं. अन् हे पोट्टे आता हातात छडी घेऊन फिरल्यावानी फिरतीन." त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मी ते एकदाच पाहिलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी भीमाकडे असं पाहिलं, जणू त्याच्याच पुण्याईनं जगातलं लोखंड हलकं झालं होतं.

त्या दिवसापासून गावंडे फायबरचे झाले. माणूस उतारवयात बाटला की जुन्यांपेक्षा जास्त कडवा होतो. पंधरा दिवसांत वरच्या पोडापर्यंतचे सगळे आर्म बदलून झाले. पूर्वी ज्या कामाला सहा माणसं आणि दोन दिवस लागायचे ते दोघांनी एका सकाळी केलं. पण माणसं बिचकत होती. खांबावरची वस्तू वीज नेत नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. एक-दोघांनी कुजबुज केली, "फोरमन म्हातारे झाले, काईबी आयकते." ती कुजबुज गावंड्यांच्या कानावर गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवारात दोन लाकडी स्टुलं मांडली. त्यांवर फायबरचा आर्म आडवा ठेवला. ऑफिसच्या भिंतीतून घरगुती विजेची एक उघडी तार ओढली आणि आर्मच्या एका टोकाला गुंडाळली. बटण चालू केलं आणि दुसऱ्या टोकाला सरळ तळवा ठेवला. अनवाणी उभे होते. "पाहा," म्हणाले, "मेलो का?" ऊन कडक, आर्म कोरा करकरीत, तार दोनशे तीस व्होल्टची. मला माहीत होतं की लाइनवर अकरा हजार असतात. हेही माहीत होतं की वस्तू कोरडी आणि स्वच्छ असणं वेगळं, आणि धूळ बसून ओली झालेली असणं वेगळं. पुस्तकात ते होतं, कारखान्याच्या कागदातही स्पष्ट लिहिलं होतं: लाइन बंद केल्याशिवाय स्पर्श करू नये. मी काही बोलले नाही. गावंड्यांना चारचौघांत टोकायचं म्हणजे आठवडाभर टोमणे खायचे, आणि खरं सांगायचं तर तमाशा छान चालला होता.

त्यांनी एकेकाला पुढे बोलावलं. जो कचरला त्याला, "जा, बायकोच्या पदरात लप." सगळ्यांनी तळवे ठेवले, मीही ठेवला. शेवटी भीमा आला. आठ वर्षांत गावंड्यांनीच शिकवलेलं त्याच्या हातात मुरलं होतं. त्यानं हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू आर्मला टेकवली.

गावंड्यांनी त्या हातावर फाडकन चापट मारली. "उलटा हात कायले लावतं बे? विस्वास नाई माह्यावर? पंजा ठेव, पंजा!"

भीमानं पंजा ठेवला. त्यांनी त्याचं मनगट धरून तो दाबून ठेवला, आणि आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या.

पुढचं वर्ष झकास गेलं. फीडर पडेना. मोर मेला नाही, चोरी झाली नाही. कमीत कमी वेळा लाइन बंद पडली म्हणून वरून सेक्शनला शाबासकीचं पत्र आलं. गावंड्यांनी ते काचेत घालून भिंतीला लावलं. त्या पत्रासाठी ते लाइन बंद करायला कोणाला परवानगी देईनासे झाले. दुरुस्ती असली तरी, "थांब दोन दिवस, पाहू." फायबर खरोखर चांगली वस्तू होती, आजही आहे, तिला मी दोष देणार नाही. फक्त तिचा एक स्वभाव आम्ही लक्षात घेतला नव्हता. लोखंडी आर्मवर इन्सुलेटर फुटला तर बहुतेक वेळा लाइन लगेच पडते, म्हणजे बिघाड स्वतःच ओरडून सांगतो. फायबरवर तार पडली तरी लाइन चालू राहते. आत बिघाड असतो आणि वर सगळं ठीक दिसतं, म्हणून नियमानं फिरून बघावं लागतं. आम्ही बघितलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी दाट धुकं पडायचं, आणि त्या रस्त्यानं वणीकडचे कोळशाचे ट्रक जायचे, त्यांची धूळ खांबांवर बसलेली असायची. वरच्या पोडावरून निरोप आला की खांबावर चर्र चर्र आवाज येतो. भीमा तिथं गेला आणि खालून त्यानं गावंड्यांना फोन केला. गावंडे माझ्या टेबलासमोर बसून चहा पीत होते. हात मोकळे राहावेत म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, त्यामुळे प्रत्येक शब्द मी ऐकला.

"साहेब, वर काईतरी फुटल्यावानी वाटते. परमिट घेऊ का?" भीमानं विचारलं. परमिट म्हणजे लाइन बंद केल्याचा लेखी परवाना. तो हातात आल्याशिवाय खांबाला शिवायचं नाही, हा गावंड्यांचाच पहिला धडा.

"कायले परमिट? फायबर हाये ना वरते?"

"हो साहेब."

"मंग? वर चढून पाह्य नुसतं. तार धरू नको म्हंजे झालं."

"साहेब, दव लय पडलं हाये..."

"अबे भित्र्या, तुह्यासाठी आता उनात वाळत घालू का खांब?"

फोन बंद झाला. त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला. मी समोरची फाइल वाचत होते. मी म्हणू शकले असते, गावंडे, परमिट द्या. ऑफिसर मी होते. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला असता.

भीमा वर चढला. इन्सुलेटर फुटून तार आर्मवर पडली होती, ती त्याला दिसली. आवारातही तार अशीच आर्मला गुंडाळलेली होती. डाव्या हातानं त्यानं लोखंडी खांब धरला, आणि नीट वाकून बघता यावं म्हणून उजवा पंजा आर्मवर ठेवला. सरळ पंजा. ओल्या काळ्या धुळीतून अकरा हजार व्होल्ट एका हातातून शिरले आणि दुसऱ्यातून खांबात गेले. पोडावरच्या बायकांनी सांगितलं की तो ओरडला नाही, नुसता धूर निघाला, मग पडला.

यानंतर गावंड्यांनी जे केलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी त्यांच्यासारखीच अर्धी गोष्ट सांगणारी ठरेन. जीप घेऊन ते वीस मिनिटांत तिथं पोचले. भीमाचा घरघरणारा श्वास त्यांच्यासमोरच थांबला. त्यांनी त्याच्या छातीवर दाब दिले, तोंडाला तोंड लावून हवा भरली, तिघांना मागे बसवून संपूर्ण रस्ताभर हे चालू ठेवलं. मी पुढच्या सीटवर होते. मागून त्यांच्या शिव्या ऐकू येत होत्या. "मरतं का बे? मले न इचारता मरतं का? उठ, हरामखोर, उठ." भीमानं श्वास घेतला तेव्हा त्यांचे स्वतःचे ओठ फुटून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, हा माणूस यांच्यामुळे जिवंत आहे. हात मात्र कोपराखालून दोन्ही काढावे लागले.

चौकशीला वरून एक साहेब आले. साधा, थकलेला माणूस, पानामागे पान लिहीत होता. भीमा अजून बोलायच्या स्थितीत नव्हता. साहेबांना एकच ठरवायचं होतं. भीमा सांगितल्यावरून चढला की स्वतःच्या मनानं? सांगितल्यावरून असेल तर कायम होण्याच्या यादीतलं नाव टिकलं असतं, ऑफिसात बसून करायचं काहीतरी काम मिळालं असतं. स्वतःच्या मनानं असेल तर कंत्राट तिथंच संपत होतं.

गावंडे समोर ताठ बसले. "मी खोटं बोलत नाई साहेब, आयुष्यात बोललो नाई," त्यांनी सुरुवात केली. "त्याचा फोन आल्ता. मी त्याले सांगतलं, तार धरू नको. हे असेच शब्द."

"म्हणजे सावध केलं होतं?"

"हो."

"परमिट होतं त्याच्याकडे?"

"नाई."

एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही ऑफिसात होता. फोनवर असंच बोलणं झालं?"

माझी यवतमाळला बदली व्हायची होती. वडिलांना अर्धांगवायू झाला होता, आई एकटी होती. खरं सांगितलं असतं तर गावंड्यांच्या आधी प्रश्न मला आला असता, की ऑफिसर समोर बसलेली असताना हे कसं झालं. ही कारणं खरी आहेत. ती देताना मला स्वतःची किळस येते, तेही खरं आहे. मी "हो" म्हणाले. साहेबांनी लिहिलं: वरिष्ठांनी सावध करूनही, परमिट न घेता, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

भीमाची बायको जंगूबाई आठ दिवसांनी ऑफिसात आली. आत आली नाही, दाराशीच उभी राहिली. "मॅडम, त्यायनं परमिट मांगतलं होतं. मी खालीच उभी होती, फोनवर बोलताना. तुमाले बी मालूम हाये."

"कागदात तसं नाही, बाई," मी म्हणाले.

"कागदात नाई, हे मालूम हाये मले. तुमाले मालूम हाये का, हे इचारून राह्यली मी."

मी शिपायाला तिला पाणी द्यायला सांगितलं. ती पाणी न पिता गेली. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली.

मागच्या हिवाळ्यात यवतमाळला आमच्या नव्या भरतीचं प्रशिक्षण होतं आणि त्याची व्यवस्था माझ्याकडे होती. सुरक्षेवर बोलायला माणूस हवा होता. वरून नाव आलं ते उत्तमराव गावंडे यांचं. निवृत्तीनंतर ते जिल्हाभर अशी व्याख्यानं देत फिरतात, हे मला तेव्हा कळलं. बोलतातही छान, म्हणे. सोबत एक माणूस आणतात.

तो माणूस भीमा होता. पांढरा शर्ट, दोन्ही बाह्या दुमडून सेफ्टी पिना लावलेल्या. मला बघून त्यानं मान झुकवली. गावंड्यांनी टेबलावर फायबरचा आर्म ठेवला आणि तीस पोरापोरींना त्याचे गुण सांगितले: हलका, गंज नाही, चोरी नाही, पाखरू मरत नाही. तो टाय लावलेला पोरगाही याहून चांगलं बोलला नव्हता. मग म्हणाले, "पन वस्तू कितीबी चांगली असली तरी परमिट घ्याच लागते. नाई घेतलं का काय होते, ते पाहा." त्यांनी भीमाला उभं केलं, एकेक पिन स्वतःच्या हातानं काढली आणि बाह्या वर सरकवल्या. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं डोळे मिटून घेतले. "मिटू नको, पोरी, पाह्य," गावंडे म्हणाले. "पाह्यलं का वाचशीन."

तिनं डोळे उघडले, पाहिलं, आणि थोड्या वेळानं हात वर केला. "काका," ती थेट भीमाला म्हणाली, "पण तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, हात लावला तरी चालते म्हणून?"

गावंडे आर्मवरची धूळ पुसू लागले. भीमानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हजेरीच्या कागदावर नावं तपासत होते. या फेऱ्यांत त्याला जाण्यायेण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि दिवसाचं काहीतरी मिळतं. दुसरं कोणतंच काम त्याला उरलेलं नाही, आणि गावंडे सोबत नेतात तोवरच हे आहे.

"कोनी नाई सांगतलं, बाई," भीमा म्हणाला. "माह्या मनानंच लावला."

"आयकलं?" गावंडे म्हणाले. "कबूल करते माणूस. याले हिंमत लागते." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी ते दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर होते. गावंडे पोळीचा तुकडा मोडून, वांग्याच्या भाजीत बुडवून भीमाच्या तोंडात घालत होते. घास मोठे होते आणि घाईनं भरवत होते, एक गिळायच्या आत दुसरा तयार. हनुवटीवरून रस्सा ओघळून शर्टावर पडला. "तोंड मोठं उघड ना," ते खेकसले, "नव्या नवरीवानी काय खातं? मले बी जेवाचं हाये." मी ताट घेऊन जवळून जात होते. भीमानं मला थांबवलं, घास कसाबसा गिळला आणि म्हणाला, "मॅडम, साहेब लय करतेत माह्यासाठी."

त्याच्या चेहऱ्यावर टोमणा कुठेच नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"हो ना," मी म्हणाले, आणि पापड घ्यायला पुढे गेले.